प्रेअरीतल्या छोट्या गावात नव्याने येताय? आधी 1903 सालच्या इंग्लिश कुटुंबांची गोष्ट ऐका

नमस्कार मंडळी, विशेषतः ज्यांच्या हातात नुकतंच ऑफर लेटर पडलंय आणि जे रोज रात्री गूगल मॅपवर आपलं होणारं गाव झूम करून बघतायत ते सगळे. हल्ली कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे सपाट गवताळ पट्ट्यात, सास्काचेवान आणि अल्बर्टा प्रांतांच्या छोट्या गावांत आपल्या लोकांना बरेच जॉब मिळायला लागलेत, केअर होम, हॉटेल, तेलाच्या साइट, मोठी शेतं, आणि मला जे मेसेज येतात त्यात जॅकेट कुठलं घेऊ, कुकर आणू का, गोडा मसाला मिळतो का हेच जास्त असतं. त्याचं सांगतेच पुढे. पण आम्ही या दोन प्रांतांच्या सीमेवरच्या लॉइडमिन्स्टरला राहतो, आणि हे गाव ज्यांनी वसवलं ती इंग्लंडहून आलेली कुटुंबं इथे पहिली दोन-तीन वर्षं कशी टिकली हे कळलं की इथल्या माणसांच्या अर्ध्या सवयी आपोआप कळतात, म्हणून मी प्रत्येक नव्या घराला आधी हेच सांगते.

तर 31 मार्च 1903 ला लिव्हरपूलहून ‘लेक मॅनिटोबा’ नावाचं जहाज निघालं. त्यात दोन हजाराच्या आसपास माणसं, म्हणजे जहाजात एरवी मावतील त्यापेक्षा कितीतरी जास्त. कारकून, दुकानातले विक्रेते, गिरणीकामगार, काही दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातून परतलेले शिपाई, त्यांच्या बायका, पोरं. शेतकरी अगदी थोडे. आयझॅक बार नावाच्या पाद्र्याने योजना काढली होती की कॅनडाच्या वायव्येला फक्त ब्रिटिश लोकांची एक वसाहत करायची, सरकारने त्यासाठी जमीन राखून ठेवली, आणि बारच्या माहितीपत्रकांत सगळं फार सोपं दिसत होतं. दुकान असेल, हॉस्पिटल असेल, तंबू तयार असतील, बैल-घोडे रास्त भावात मिळतील. जॉर्ज लॉइड हा दुसरा पाद्री सोबत होता.

प्रत्यक्षात एप्रिलमध्ये कॅनडाच्या पूर्वेकडच्या सेंट जॉन बंदरात उतरून, चार-पाच दिवस ट्रेनमध्ये लाकडी बाकांवर काढून ही मंडळी सास्काटूनला पोचली तेव्हा ते काहीशे वस्तीचं खेडं होतं आणि त्यांच्या जमिनीच्या दिशेने रेल्वे तिथून पुढे जात नव्हती. सामान मागेच राहिलेलं. तंबू कमी. बैल आणि घोड्यांचे भाव चढलेले कारण एकदम एवढं गिऱ्हाईक आलं. आणि जमीन अजून सुमारे 300 किलोमीटर पुढे, बॅटलफर्ड गावाच्याही पलीकडे. काही जणांनी तिथेच नाद सोडला. उरलेल्यांचा बारवरचा विश्वास मे महिन्यापर्यंत पार उडाला, त्याला बाजूला करून लॉइडच्या हातात कारभार दिला, गावाला नावही त्याचंच.

इथे पहिली गोष्ट सांगून ठेवते. एजंटच्या ब्रोशरवर निर्णय घेऊ नका, मग तो एजंट लुधियानाचा असो नाहीतर पुण्याचा. ज्या गावात जाताय तिथे आत्ता राहणाऱ्या निदान दोन कुटुंबांशी फोनवर बोला, भाडं किती, बस आहे का (बहुतेक ठिकाणी नसते), डॉक्टर नवीन पेशंट घेतोय का, हे तीन प्रश्न विचारा. 1903 ला विचारायला कोणी नव्हतं. तुम्हाला आहे.

सामानाचं तर काय सांगू. त्या लोकांनी पियानो आणले होते, बाथटब आणले होते, पुस्तकांच्या पेट्या, घरातली जड कपाटं. आणि मग हे सगळं बैलगाडीवर चढवून निघाले, ज्यांनी आयुष्यात बैलाच्या मानेवर जू ठेवलं नव्हतं ते. वाटेत ईगल क्रीक नावाची घळ लागते, काठ अगदी उभे, तिथे चाकं दोरखंडाने जखडून गाड्या खाली सोडायच्या आणि पलीकडे दोन-दोन जोड्या लावून वर ओढायच्या. मे महिन्यात बर्फाचं वादळ आलं. दलदलीत गाडी रुतली की सामान उतरवायचं, गाडी काढायची, परत भरायचं, आणि अशा दोन-चार खेपा झाल्या की लोक जड वस्तू वाटेतच टाकून देत. तेव्हा वहिनी, पितळी डबे आणि मिक्सर घरीच ठेवा. मिक्सरचा व्होल्टेज इथे वेगळा, 120, तो चालणारच नाही. कुकर आणा, लोखंडी तवा आणा, मसाले आणा, मुलांची शाळेची आणि लसीकरणाची कागदपत्रं ओरिजिनल आणा. थंडीचे कपडे तिकडून अजिबात आणू नका, मुंबईत मिळणारं जाडजूड जॅकेट इथे ऑक्टोबरलाच हात टेकतं.

आता जमिनीचं. 1872 च्या डोमिनियन लँड्स अ‍ॅक्टप्रमाणे 10 डॉलर फी भरली की 160 एकर नावावर लागायची, पण अटी होत्या. तीन वर्षं, दरवर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरलेली जमीन नांगरून लागवडीखाली आणायची, तरच पक्का कागद. 160 एकर हा आकडा ऐकून लंडनमधल्या कारकुनाला काय वाटलं असेल ते आपण समजू शकतो, आपल्याकडे चार एकरांवर भावाभावांची कोर्टात वर्षं जातात. पण मधे कुंपण नाही, रस्ता नाही, शेजारी मैलभर लांब. सगळा प्रदेश सरकारी मोजणीदारांनी आधीच चौकोनांत आखला होता, एक मैल बाय एक मैलाचं सेक्शन, त्याचा चौथा भाग म्हणजे क्वार्टर, तेच ते 160 एकर, आणि 36 सेक्शनचं एक टाउनशिप. आपला क्वार्टर कुठला हे शोधायला गवतात रोवलेली लोखंडी खूण हुडकत फिरायचं.

ही मोजणी आजही जिवंत आहे म्हणून लक्ष देऊन वाचा. गावाबाहेर फार्मवर किंवा साइटवर काम असेल तर तिथे घर नंबर आणि गल्ली असं काही नसतं, रेंज रोड आणि टाउनशिप रोडचे आकडे असतात, नाहीतर थेट लँड लोकेशन, म्हणजे क्वार्टर-सेक्शन-टाउनशिप-रेंज-मेरिडियन (शेवटचे दोन म्हणजे मोजणीतला उभा पट्टा आणि उत्तर-दक्षिण रेषा). पहिल्या दिवशी सुपरवायझरकडून ते लिहून घ्या आणि फोनमध्ये सेव्ह करा. 911 ला (आणीबाणीचा नंबर) फोन केल्यावर ‘एका मोठ्या पिवळ्या शेताजवळ’ सांगून काही उपयोग नाही, ऑगस्टपर्यंत चारी बाजूंना तेच दिसतं.

घर कसं बांधायचे ते मला आमच्या शेजारच्या आजींनी दाखवलं. गोऱ्याच आहेत, नव्वदीच्या घरातल्या, त्यांचे आजोबा कापडाच्या दुकानात कामाला होते आणि बायको-मुलं घेऊन बार कॉलनीत आले. आजी मला त्यांच्या जुन्या क्वार्टरवर घेऊन गेल्या. तिथे आता काही नाही, जमिनीत एक चौकोनी खोलगट जागा, कडेला कॅरागानाची झुडपं आणि एका बाजूला रुबार्ब (आंबट देठांची भाजी), जो त्यांच्या आजीने लावला आणि अजून दरवर्षी येतो. आजींनी हातातल्या काठीने दार कुठे, चूल कुठे ते आखून दाखवलं. एवढ्यात सहा माणसं राहायची.

हे घर म्हणजे सॉडी. न मोडलेल्या माळरानावर गवताची मुळं इतकी घट्ट विणलेली असतात की नांगराचा फाळ गेला की मातीचा अखंड पट्टा उलटा पडतो, फूटभर रुंद आणि तीन-चार इंच जाड. त्याचे कुदळीने दोन-अडीच फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचत जायचं, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. भिंत दोन फूट जाड होते. वर पॉप्लर झाडाचे वासे, वाशांवर फांद्या आणि वाळलं गवत, त्यावर परत तीच ढेकळं. पैसे असले तर एखादी काचेची खिडकी. आतून माती लिंपून चुना. थंडीत ऊब धरायचं आणि उन्हाळ्यात गार राहायचं, हे सगळेच कबूल करतात. पण छप्पर गळायचं. बाहेरचा पाऊस थांबला तरी आत दोन-दोन दिवस चिखलाचं पाणी ठिबकत राहायचं, मग बिछान्यावर ताडपत्री, आणि बाई एका हातात छत्री धरून चुलीपुढे उभी. आजींच्या आजीने छताखाली पिठाच्या पोत्यांचं कापड शिवून ताणलं होतं म्हणजे माती आणि किडे पानात पडू नयेत. इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये घरात पडदे आणि पॉलिश केलेलं टेबल असलेली ती बाई. मला हे ऐकताना खरंच भरून आलं होतं.

तुम्हाला बहुतेक बेसमेंट मिळेल. घेण्याआधी बघा की फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) वेगळा कंट्रोल होतो का, खिडकीतून माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी आहे का (बेडरूमसाठी ते सुरक्षेचं आहे, तडजोड करू नका), कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का. फोडणी देताना एक्झॉस्ट फॅन लावा, हिवाळ्यात खिडकी उघडता येत नाही आणि वाफेने काचांवर बर्फ धरतो.

आता हिवाळा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माणसं इथेच मोडतात, तेव्हाही आणि आताही.

पहिल्या उन्हाळ्यात ती कुटुंबं पोचलीच उशिरा, पेरणीचा मोसम निघून गेलेला. जेमतेम थोडी जमीन मोडून झाली, हातातले पैसे संपले आणि पारा उणे 40 कडे सरकायला लागला. रेल्वे यायला अजून दोन वर्षं होती, ती 1905 ला आली. मग घरातला पुरुष मजुरीला निघायचा, रेल्वेच्या कामावर, लाकडाच्या कॅम्पवर, दुसऱ्याच्या शेतावर, आणि बाई-मुलं सॉडीत. जवळची बाई मैल-दोन मैलांवर. बर्फ वितळवून पाणी, पाव गोठून दगड, दाराच्या खिळ्यांच्या डोक्यांवर आतल्या बाजूने पांढरं हिव. घर ते गोठा दोर बांधून ठेवायचा, कारण वादळात स्वतःचा हात दिसत नाही आणि माणसं स्वतःच्या दारापासून थोड्याच अंतरावर भरकटून मेलेली आहेत. त्या बाया पत्रांत घरी काय लिहायच्या याबद्दल आजी म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या पत्रांत फक्त हवा आणि कोंबड्या असायच्या, बाकी काही नाही. आईला काळजी वाटायला नको म्हणून.

आपल्या किती मुली आज व्हिडिओ कॉलवर असंच करतायत मला माहितीय. नवरा बारा तासांच्या शिफ्टला किंवा दोन आठवडे साइटवर, बाहेर उणे 30, साडेचारला अंधार, गाडी येत नाही, आणि आईला सांगायचं ‘मजेत आहे’. असं करू नका ताई. ज्यांचा स्वतःचा स्पाउस वर्क परमिट यायचाय त्यांनी तर पहिल्याच आठवड्यात घराबाहेर पडायचं, लायब्ररीत जा, नवीन आलेल्यांसाठीच्या इंग्लिश क्लासला जा, इंग्लिश उत्तम असलं तरी जा, तिथे फिलिपिनो, युक्रेनियन, नायजेरियन बायका भेटतात आणि त्यांच्याकडून जे कळतं ते कुठल्या वेबसाइटवर नाही. गाडी शिकणं पुढे ढकलू नका. व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारून सुरू करा. झोप, भूक, रडू, काहीही बिघडलंय असं वाटलं तर 811 ला फोन करा, नर्स बोलते, फुकट आहे, आणि दुभाषाही मागता येतो.

गाडीबद्दल: घेताना ब्लॉक हीटर (इंजिन गोठू न देणारा हीटर) आहे का बघा आणि उणे 15-20 च्या खाली गेलं की रात्री प्लग लावा. डिक्कीत फावडं, ब्लँकेट, जाड मोजे, काडेपेटी, खायला काहीतरी. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत मदत शोधायला जाऊ नका. गाडीतच थांबा, इंजिन थोडा थोडा वेळ चालू ठेवा, त्याआधी एक्झॉस्टच्या नळीपुढचा बर्फ साफ करा, खिडकी किंचित उघडी. पूर्वी गोठ्यापर्यंत दोर बांधत तो याच कारणासाठी.

कामाचं. त्या काळी पश्चिम कॅनडात नोकरीच्या जाहिरातींत चक्क छापून यायचं की इंग्लिश माणसाने अर्ज करू नये. गोरे, एकाच राजाची प्रजा, भाषा तीच, तरीही. कारण त्यांची ख्याती अशी झाली होती की काम येत नाही आणि सारखं ‘आमच्याकडे इंग्लंडमध्ये असं करतात’ सुरू. जे टिकले ते हे बोलणं बंद करून दुसऱ्याचं बघून शिकले. गाड्या हाकायला, नदी ओलांडायला त्यांना मेटी (मूळनिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाचे) आणि क्री (इथले मूळनिवासी) लोकांनी शिकवलं, आग अडवायला घराभोवती नांगराचे तास काढून मधलं गवत जाळून टाकायचं हे आधीच्या वस्तीकडून घेतलं. रशियातून 1899 ला आलेले डुखोबोर (एका ख्रिश्चन पंथाचे लोक) त्यांच्या वाटेजवळच गावं करून नीट बस्तान बसवून होते, पण कॉलनीची मूळ कल्पनाच ‘फक्त आपले लोक’ अशी होती, त्यामुळे ज्यांना शेती येत होती असे शेजारी मुद्दाम लांब ठेवले गेले. माझ्या मते त्यांच्या सुरुवातीच्या हालांचं थंडीइतकंच मोठं कारण हे होतं.

शेतीनेही त्यांना लवकर साथ दिली नाही. रेड फाइफ गहू चांगला पण पिकायला वेळ लावायचा, ऑगस्ट-सप्टेंबरच्या पहिल्या हिवात सापडायचा. चार्ल्स सॉन्डर्सने निवडून काढलेला मार्क्विस गहू 1909 नंतर शेतकऱ्यांपर्यंत पोचला, तो आठवडाभर तरी आधी तयार व्हायचा, तेव्हा कुठे या भागाचं गणित बसलं. म्हणजे आलेल्यांना सहा-सात वर्षं थांबावं लागलं. तुमची पहिली नोकरी डिग्रीच्या खालची असेल तर तेवढ्याने खचू नका, पण क्रेडेन्शियल असेसमेंट आणि लायसन्सच्या परीक्षा मात्र पहिल्या वर्षातच सुरू करा, त्याला उशीर केला की गाडी सुटते.

आणि हेही माहिती असू द्या. ही जमीन रिकामी नव्हती. 1876 ला फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट इथे क्री आणि इतर लोकांशी ट्रीटी 6 झाली, फोर्ट पिट आमच्यापासून फार लांब नाही. लोकांचं पोट ज्यांच्यावर होतं ते बायसन (रानगवे) झपाट्याने संपत चालले होते, उपासमारीचं सावट होतं, त्या परिस्थितीत तो करार झाला आणि पुढे सरकारने तो नीट पाळलाही नाही. 10 डॉलरला 160 एकर मिळत होती ती कोणाची तरी होती. उत्तरेला ओनियन लेक क्री नेशन आहे, तिथली माणसं तुमच्या कामावर भेटतील, त्यांच्याबद्दल इथे जे ऐकीव शेरे मारले जातात ते उचलून आपणही तेच बोलायला लागू नका. आपली माणसं सहा महिन्यांत हे बोलायला लागतात याचा मला मनापासून राग येतो. लॉइड पुढे 1922 ला सास्काचेवानचा बिशप झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश नसलेल्यांना देशात घेऊ नका म्हणून त्याने जोरात मोहीम चालवली, त्याला चालणाऱ्यांच्या यादीत आपण तर कुठेच नव्हतो. आज त्याच्याच नावाच्या गावात गुरुद्वारा, मशीद, फिलिपिनो दुकानं आहेत आणि आमच्याकडे गणपती बसतो, आरतीला आजी येतात, मोदक दोन खातात आणि दोन डब्यात नेतात.

म्हणून आपल्या चार घरांचा ग्रुप जरूर करा, पण तेवढ्यातच राहू नका. कम्युनिटी हॉलच्या पॉटलकला जा, डाळ न्या. मसूर इथेच सास्काचेवानात पिकतो आणि आपल्या देशात जातो, शेतकऱ्यांना तो खातात कसा हे कित्येकदा पहिल्यांदाच कळतं आणि मग ओळख होते. फॉल सपरला (शरदातलं गावजेवण) जा, मुलांना आइस रिंकवर न्या, स्वतः कर्लिंग (बर्फावर जड दगड सरकवायचा खेळ) बघायला बसा.

लॉइडमिन्स्टरलाच येणार असाल तर थोडं खास. 1905 ला दोन प्रांत झाले आणि सीमा चौथ्या मेरिडियनवर, म्हणजे बरोबर गावाच्या मधून गेली, 1930 ला दोन्ही अर्धे एक झाले. घर कुठल्या बाजूला घेताय त्यावर हेल्थ कार्ड, गाडीचं लायसन्स, इन्शुरन्स ठरतं, तेव्हा अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी दोन्हीकडचं गाडीच्या इन्शुरन्सचं कोटेशन काढा. घड्याळ पूर्ण गावाचं अल्बर्टाप्रमाणे चालतं, बाकी सास्काचेवान वेगळं, सास्काटूनची अपॉइंटमेंट असेल तर वेळ दोनदा तपासा. सास्काचेवानचा पीएसटी (प्रांताचा विक्रीकर) गावात बहुतेक खरेदीवर लागत नाही. उतरल्या आठवड्यात सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर, बँक अकाउंट, हेल्थ कार्डचा अर्ज, मुलांची शाळा, याच क्रमाने. शाळेसाठी स्नो पँट दोन घ्या, एक नेहमी ओली असते, आणि दोन्हींवर आतून नाव लिहा.